मैल ३६: कॉपर नदीचा नकाशा काढताना

ऑगस्ट २०११. अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर कॉर्डोव्हा नावाचे मासेमारीचे गाव आहे. तिथून पूर्वेकडे निघणारा कॉपर रिव्हर हायवे मैल ३६ पाशी बंद करण्यात आला. पूल कोसळला नव्हता की दरड आली नव्हती. पूल क्रमांक ३३९ च्या खांबांखालचा नदीचा तळ पाण्याने इतका खरवडून नेला होता, की वरून गाडी सोडणे धोक्याचे झाले होते. हा पूल बांधताना त्याच्या वाट्याला जेवढे पाणी येईल असे धरले होते, त्याच्या कितीतरी पट पाणी आता त्याच्याखालून जात होते. पूर्वी शेजारच्या पुलांखालून जाणारा प्रवाह वर्षानुवर्षे हळूहळू इकडे सरकत आला होता.

कॉपर नदीचा त्रिभुज प्रदेश ओलांडायला या रस्त्याला ११ पूल लागतात. नदी एकच, पण ती मुखाशी इतक्या फाट्यांनी पसरते की एका पुलाने भागत नाही. बांधणाऱ्यांनी प्रत्येक फाट्याला त्याच्या त्या वेळच्या पाण्याप्रमाणे पूल दिला. मोठ्या फाट्यावर मोठा, छोट्यावर छोटा. नकाशात पाहिले तर यात काही चूक नाही. फाट्यांनी आपापले वाटे तसेच ठेवायला हवे होते, एवढीच अट होती, आणि ती कुठे लिहिलेली नव्हती.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लोक १९९० च्या दशकापासून या पुलांखालचे पाणी मोजत होते आणि प्रवाह एका पुलाखालून दुसऱ्याखाली सरकतो आहे, हे त्यांनी नोंदवलेही होते. म्हणजे माहिती होती. तरी रस्ता तुटलाच. म्हणून मला हे प्रकरण पुलापेक्षा नकाशाचे वाटते. जिचे पात्र वर्षागणिक हलते आणि जिच्या मुखाशी जमीनसुद्धा आपल्या पातळीवर राहत नाही, त्या नदीचा नकाशा काढायचा म्हणजे कागदावर नेमके काय उतरवायचे?

नदी

रँगल पर्वतांच्या उत्तर उतारावरच्या कॉपर हिमनदीतून ही नदी निघते. आधी उत्तरेला जाते, मग पर्वतांना पश्चिमेकडून वळसा घालून दक्षिणेला वळते आणि चुगाच पर्वतरांग कापून अलास्काच्या आखातात उतरते. लांबी सुमारे ४७० किलोमीटर, म्हणजे फार नाही. पण तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे ६२,००० चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढे. त्यातला १८ टक्क्यांच्या आसपास भाग हिमनद्यांखाली आहे. वर्षाची सरासरी काढली तर मुखाशी सेकंदाला १,६०० घनमीटरच्या आसपास पाणी जाते. ही सरासरी मात्र फसवी आहे. हिवाळ्यात नदी गोठून मलूल पडलेली असते आणि खरे पाणी जून ते ऑगस्टमध्ये येते. आपल्याकडे आभाळ भरून आले की नदी भरते. इथे चार दिवस कडक ऊन पडले की नदी फुगते, कारण वर बर्फ वितळतो.

त्यातच माइल्स हिमनदीने अडवून धरलेले व्हॅन क्लीव्ह नावाचे एक तळे आहे. दर काही वर्षांनी ते बर्फाखालून वाट काढते आणि नदीत रिकामे होते. अशा वेळी हवामानाचा अंदाज पाहून काही उपयोग नसतो.

पाण्यासोबत गाळ येतो. वर्षाला अंदाजे ७ कोटी टन. हिमनद्या डोंगर दळतात, त्याचे हे पीठ. पाणी सिमेंट कालवल्यासारखे करडे दिसते आणि ओंजळीत घेतले तर तळहात दिसत नाही. एवढा गाळ घेऊन उतरणारी नदी उतार कमी झाला की तो टाकू लागते. टाकलेल्या गाळाचे दांडे होतात, दांड्यांना वळसे घालत फाटे फुटतात, फाटे पुन्हा जुळतात, आणि वरून पाहिले तर सैल घातलेली वेणी दिसते. कोकणात खाडीतल्या बेटांना जुवे म्हणतात. जुव्यावर पिढ्यानपिढ्या माणसे राहतात, नारळ लावतात. कॉपरच्या पात्रातल्या दांड्यांना मात्र नाव द्यायला जावे, तर पुढच्या उन्हाळ्यात तो दांडा तिथे असेलच याचा भरवसा नसतो.

या सगळ्याच्या शेवटी सुमारे २,८०० चौरस किलोमीटरचा पाणथळ प्रदेश आहे. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची ही सर्वात मोठी सलग पाणथळ. लव्हाळ्याची कुरणे, तळी, खाड्या, मैलोन्मैल चिखलाणी आणि समुद्राच्या बाजूने पुळणीच्या बेटांची एक विरळ माळ. गावातले मच्छीमार या साऱ्याला नुसते ‘फ्लॅट्स’ म्हणतात.

आधीचे नकाशे

कागदावरचा पहिला उपयोगी नकाशा १८८५ चा. लेफ्टनंट हेन्री ॲलन दोन सैनिक सोबत घेऊन मार्चअखेर मुखाकडून वर निघाला. आदल्या वर्षी ॲबरक्रॉम्बी नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याची मोहीम या नदीवर फसली होती. ॲलनची माणसे उपाशी राहिली, सडके मांस खाऊन जगली, टाराल या वस्तीपाशी पोचली आणि तिथल्या मूळ रहिवासी अहत्ना लोकांचा प्रमुख निकोलाय याच्या मदतीने तगली. तिथून पुढे डोंगर ओलांडून टनाना, मग कोयुकुक अशा नद्यांची मोजणी करत उन्हाळा संपता संपता बेरिंग समुद्राचा किनारा गाठला. एकूण सुमारे २,४०० किलोमीटर.

या नकाशाचे जेवढे कौतुक करावे तेवढे थोडेच, पण त्यातली एक गंमत सांगायला हवी. ॲलन नदीच्या खालच्या टप्प्यातून गेला तेव्हा बर्फ अजून हटला नव्हता. म्हणजे ज्या भागात पुढे ११ पूल लागले, तो भाग त्याने वर्षातल्या अशा वेळी पाहिला जेव्हा नदी जवळजवळ झोपलेली असते. उन्हाळ्यात आला असता तर कदाचित वर जाताच आले नसते. म्हणजे जेव्हा जाता येते तेव्हा नदी दिसत नाही, आणि जेव्हा दिसते तेव्हा तिच्यात शिरता येत नाही. ही अडचण विमाने आली तरी पुरती सुटली नाही. त्याकडे पुढे येतो.

त्याच्या आधीपासूनचा नकाशा तोंडी होता. अहत्ना भाषेत नदीला ‘ना’ म्हणतात, म्हणून चिटिना, टोनसिना, क्लुटिना, गुल्काना ही सारी नावे एकाच घराण्यातली वाटतात. चिटिना म्हणजे तांब्याची नदी. इंग्रजी नकाशाने ते तांबे उचलून मुख्य नदीला चिकटवले, आणि मूळ तांब्याची नदी तिची उपनदी होऊन बसली. याहून महत्त्वाचे असे, की अहत्ना बोलण्यात दिशा उत्तर-दक्षिण अशा नसतात. नदीच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला, नदीपासून दूर, पलीकडच्या तीरावर, अशा असतात. आपल्याकडे कोकणातला माणूस ‘घाटावर’ जातो आणि ‘खाली’ येतो, तसेच काहीसे, पण कितीतरी काटेकोर. या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे पात्र सरकले तरी पत्ता चुकत नाही. नदी हलली की तिच्यासोबत सगळ्या दिशा हलतात. अक्षांश-रेखांशांना ही सोय नाही.

मुखाकडचा भाग इयाक लोकांचा. त्यांची भाषा जन्मापासून बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती मेरी स्मिथ जोन्स २१ जानेवारी २००८ रोजी वारल्या. त्रिभुज प्रदेशातल्या बऱ्याच खाड्या-बेटांची जुनी ओळख त्या भाषेत होती.

रेल्वेवाल्यांचा नकाशा वेगळ्या धाटणीचा होता. केनिकॉटच्या खाणीतले तांबे किनाऱ्यावर आणायला १९११ पर्यंत ३१५ किलोमीटर लोहमार्ग टाकला गेला. त्यातला सर्वात अवघड पूल माइल्स आणि चाइल्ड्स या दोन हिमनद्यांच्या तोंडांमधून जातो. वरच्या हिमनदीचे हिमखंड खांबांवर आदळणार हे बांधणाऱ्यांना माहीत होते, म्हणून खांबांपुढे बर्फ फोडणारे वेगळे संरक्षक खांब उभे केले. तो पूल ‘मिलियन डॉलर ब्रिज’ म्हणून ओळखला जातो. १९३८ मध्ये रेल्वे बंद झाली आणि आजचा रस्ता बराचसा तिच्याच बांधावर आहे. म्हणजे २०११ मध्ये तुटलेल्या वाटेची आखणी शंभर वर्षांपूर्वीच्या नदीकडे पाहून झालेली होती.

जमीन उचलली गेली तो दिवस

नदी सरकते हे कुणीही मान्य करील. पण जमिनीची उंची? नकाशाचा सारा भरवसा तिच्यावर असतो.

२७ मार्च १९६४ रोजी संध्याकाळी ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. जमीन चार मिनिटांहून जास्त वेळ हलत होती. थांबली तेव्हा कॉपरचा त्रिभुज प्रदेश सुमारे २ ते ३ मीटर वर उचलला गेला होता. कॉर्डोव्हाच्या बंदरात पाणी उथळ झाले, किनाऱ्यावरचे शिंपले उघडे पडून मेले. मिलियन डॉलर ब्रिजचे एक टोक खांबावरून घसरले.

किती जमीन किती वर गेली, हे मोजायचे कसे? भूकंपाआधीच्या पातळीच्या खुणा फार थोड्या ठिकाणी होत्या. जॉर्ज प्लाफकर या भूशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जी युक्ती वापरली ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात देखणी वाटते. समुद्रकाठच्या खडकांवर बार्नाकल नावाचे कडक पांढऱ्या कवचाचे जीव चिकटून असतात. भरतीचे पाणी एका ठरावीक उंचीपर्यंत पोचते, त्याच्यावर ते जगत नाहीत. त्यामुळे खडकावर त्यांची वरची कड एखाद्या रेघेसारखी असते. जमीन उचलली गेली की ही रेघ पाण्यापासून दूर वर जाते आणि जीव मरून पांढरे फटक दिसतात. जिवंत बार्नाकल पुढे जिथवर वाढतील ती नवी रेघ. दोन रेघांमधले अंतर मोजले की जमीन किती उचलली गेली ते कळले. किनाऱ्यावर शेकडो ठिकाणी अशी मापे घेतली गेली, आणि मॉन्टेग्यू बेटावर जमीन १० मीटरहून जास्त वर गेल्याचे दिसले. कुणी मोजणीदार तिथे गेलाही नव्हता तेव्हापासून त्या जिवांनी पातळीची नोंद ठेवली होती. या मापांनी पुढे समुद्रतळ खंडाखाली सरकतो या कल्पनेला मोठा आधार मिळाला.

पाणथळीच्या नकाशावर याचा परिणाम विचित्र झाला. अमेरिकेत पाणथळींचे वर्गीकरण साधारण १९७९ पासून एका ठरलेल्या पद्धतीने होते. समुद्री, खाडीची, नदीची, तळ्याची आणि दलदलीची असे पाच मोठे वर्ग आहेत. भरतीचे खारे पाणी पोचते का, यावर बरेच अवलंबून. आता १९६३ मध्ये रोज भरती चाटणारे एखादे कुरण घ्या. त्याची सीमा एक फूटही हलली नाही, पण पुढच्या वर्षी ते खाडीच्या वर्गातून बाहेर पडले. पावसाने मीठ धुतले गेले. मग स्वीट गेल, विलो, अल्डर अशी झुडपे आली. पुरात सगळे वाहून गेले तरी टिकणारे लव्हाळे इथे पूर येईनासा झाल्यामुळे हरले. त्याच वेळी समुद्राकडच्या बाजूला, जिथे आधी नुसता चिखल होता, तिथे नवे कुरण रुजू लागले. म्हणजे अख्खी पाणथळ एक पायरी समुद्राकडे सरकली.

हे झुडुपांचे प्रकरण वरवर किरकोळ वाटते. पण डस्की नावाचे एक कॅनडा हंस आहेत, त्यांची जवळजवळ सगळी घरटी याच प्रदेशात असतात. मोकळ्या, भरती-धुतल्या कुरणात त्यांना अस्वल किंवा कोल्ह्यासारखा कोयोटी लांबून दिसे. झुडपे वाढल्यावर शिकारी प्राण्यांना आडोसा मिळाला, कोरड्या जमिनीवरून चालत येणेही सोपे झाले. हंसांची संख्या इतकी घसरली की १९८० च्या दशकापासून तळ्यांमध्ये त्यांच्या घरट्यांसाठी छोटी कृत्रिम बेटे ठेवली जाऊ लागली. ती कुठे ठेवायची यासाठी पुन्हा नकाशाच लागतो, आणि तोही आजचा.

काठांवरच्या उघड्या कडांमध्ये पीटचे, म्हणजे अर्धवट कुजून दबलेल्या वनस्पतींचे, जुने थर एकावर एक दिसतात. प्रत्येक थर म्हणजे एकदा वर आलेली, मग शतके हळूहळू खचत जाऊन पुन्हा पाण्याखाली गेलेली जमीन. १९६४ चा धक्का म्हणजे या जागेची जुनी सवय. आपल्या महसूल कायद्यात नदीने आणून टाकलेल्या मळईच्या जमिनीसाठी तरतुदी आहेत, कारण नदी जमीन देते-घेते हे शेतकऱ्याला ठाऊक होते. जमीनच एका संध्याकाळी तीन मीटर उठून बसली, तर त्यासाठी कुठल्या कायद्यात कलम असेल असे वाटत नाही.

ढग, भरती आणि उपग्रह

आज कुणी म्हणेल, उपग्रह आहेत, दर आठवड्याला नवे चित्र येते, अडचण काय आहे? पहिली अडचण ढगांची. कॉर्डोव्हात मुंबईहून खूप जास्त पाऊस पडतो, आणि तो चार महिन्यांत उरकत नाही. साध्या प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहाला बहुतेक दिवशी नुसता कापूस दिसतो. शरद ऋतूत कधी आभाळ निवळते, तर नेमके तेव्हा नदी उतरलेली असते आणि दरीतून येणारा कोरडा वारा उघड्या पात्रातला गाळ उडवून समुद्रावर धुळीचे लांबच लांब पट्टे ओढतो. (या धुळीतले लोह अलास्काच्या आखातातल्या सूक्ष्म वनस्पतींना मिळते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

दुसरी अडचण कमी लोकांच्या लक्षात येते. इथे भरती-ओहोटीतला फरक ३ मीटरहून जास्त असतो आणि चिखलाणी इतकी सपाट, की पाणी थोडे उतरले तरी काठ किलोमीटरभर सरकतो. त्यामुळे चित्राची तारीख पुरत नाही, घड्याळही लागते. आणि लँडसॅटसारखे उपग्रह सूर्याशी जुळवलेल्या कक्षेत फिरतात, म्हणजे एका जागेवरून नेहमी दिवसाच्या त्याच वेळी जातात. भरतीचा जो भाग सूर्यामुळे येतो तो बरोबर बारा तासांचा. साहजिकच उपग्रह त्याला कायम एकाच अवस्थेत पकडतो. चाळीस वर्षांची शेकडो चित्रे एकत्र केली तरी भरतीच्या काही अवस्था त्यात कधी येतच नाहीत. चित्रांची संख्या पाहून माणूस निश्चिंत होतो आणि इथेच फसतो. कोकणात सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांवर निर्बंध घालणाऱ्या नियमांची, भरतीरेषा कुठे धरायची यावर जे वाद होतात, त्यांच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे: कुठल्या दिवसाची, किती वाजताची भरती? म्हणूनच अमेरिकेत भरतीची मूळ पातळी १९ वर्षांच्या नोंदींवरून काढतात. चंद्राच्या कक्षेचे एक आवर्तन साधारण १८.६ वर्षांचे असते, ते पूर्ण यावे म्हणून.

ढगांवर उतारा रडारचा. २०१० नंतर विमानातून रडार फिरवून अलास्काची उंची नव्याने मोजण्याचे काम झाले, कारण राज्याचे जुने नकाशे बरेचसे विसाव्या शतकाच्या मध्यातल्या हवाई छायाचित्रांवरून केलेले होते. त्रिभुज प्रदेशापुरते बोलायचे तर त्यातले काही भूकंपाच्याही आधीच्या जमिनीचे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला निसार हा इस्रो आणि नासाचा उपग्रह दोन प्रकारचे रडार घेऊन फिरतो. त्यातल्या लांब लहरी झुडपांतून खाली पोचतात आणि खालच्या पाण्यावरून परतलेला इशारा वेगळा ओळखू येतो. झुडपाखाली पाणी आहे की कोरडी जमीन, हे डस्की हंसाच्या दृष्टीने जीवनमरणाचे आहे, आणि ते वरून फोटो काढून कधीच कळत नव्हते.

पाण्याच्या आतले मात्र उपग्रहालाही कळत नाही. करड्या पाण्यात सॅमन वर चढताना दिसत नाहीत, म्हणून अलास्काच्या मत्स्य विभागाने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून माइल्स तळ्याच्या तोंडाशी सोनार यंत्र लावले आहे. आवाजाच्या लहरींनी मासे मोजतात आणि त्या आकड्यावर खाली फ्लॅट्सवर जाळी किती वेळ टाकू द्यायची हे ठरते. जाळी टाकणारे मच्छीमार पुळणीच्या बेटांमधल्या वाटा दर हंगामाच्या सुरुवातीला नव्याने हुडकतात. छापील तक्ता बोटीवर असतो, पण भिस्त गेल्या आठवड्यात कोण कुठून सुखरूप बाहेर पडला यावर असते.

पुन्हा मैल ३६

पूल ३३९ च्या बाबतीत काय चुकले, याचे माझे उत्तर असे. मोजणी होती, तंत्र होते, माणसे हुशार होती. पण नकाशाने नदी रेघेने दाखवली, आणि रेघ पाहिली की डोळा ती कायमची धरतो. इथे रेघेऐवजी टक्का काढायला हवा: या जागी गेल्या चाळीस वर्षांत किती वेळा पाणी होते? अशा नकाशात एकही फाटा ठळक दिसत नाही, सगळा पट्टा कमी-अधिक निळा दिसतो. अभियंत्याला तो आवडणार नाही, कारण त्यावर पुलाची जागा बोटाने दाखवता येत नाही. पण कुठल्याही एका पुलाखाली उद्या सगळी नदी येऊ शकते, हे त्यात न बोलता दिसते. सोबत प्रत्येक पुलामागे नदीच्या एकूण पाण्यातला त्याचा वाटा, मोजल्याच्या तारखेसह. पाणथळीच्या प्रत्येक तुकड्यावर वर्गासोबत वर्ष, भरतीची अवस्था आणि उंची कुठल्या मूळ पातळीपासून मोजली ते. १९६४ पूर्वीची कुठलीही उंची वापरायची झाली तर लाल शाईत.

हे खर्चिक आहे आणि दिसायला कुरूप आहे, हे कबूल. मीही चार रंगांत छापलेला स्वच्छ नकाशा पाहिला की खूश होतो.

मिलियन डॉलर ब्रिजचे १९६४ मध्ये घसरलेले टोक चाळीस वर्षे तात्पुरत्या आधारावर होते. २००५ च्या सुमारास ते उचलून पुन्हा जागेवर बसवले. जेमतेम सहा वर्षांनी मैल ३६ पाशी रस्ता बंद झाला, आणि नीट दुरुस्त झालेल्या पुलाकडे जायचे तर नावेने नदी ओलांडावी लागू लागली.